अर्जुनराव एकविसाव्या व्याख्यानावरून उठतात

कीर्तनातून मधेच उठू नये, हा एकच नियम अर्जुनराव ढग्यांनी आयुष्यभर कडक पाळला होता. बाकीचे नियम जमतील तसे. एकादशीच्या खिचडीबरोबर शेंगदाण्याचे दोन लाडू जास्तीचे जात, आणि पहाटे उठायचा नेम पहाट कितीला धरायची यावर अवलंबून असे. पण एकदा कीर्तन सुरू झालं आणि अर्जुनरावांनी मांडी घातली, की आरती होऊन कपाळाला बुक्का लागेपर्यंत ती मांडी मोडत नसे. मोशीच्या सप्ताहात एकदा वाऱ्याने मांडवाची एक बाजू खाली बसली. लोक पळाले, टाळकरी पळाले, खुद्द महाराज शेजारच्या शाळेच्या व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. अर्जुनराव जागचे हलले नाहीत. त्या एका श्रोत्यासाठी महाराजांना परत येऊन चरण पूर्ण करावा लागला. "असा श्रोता मला जन्मात भेटला नाही," असं महाराज तेव्हा म्हणाले. कोणत्या सुरात म्हणाले, ते अर्जुनराव सांगत नाहीत.

त्यात नोकरीनेही हातभार लावला होता. अंबाजोगाईहून आलेला हा माणूस चाकणच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं शेवटच्या तपासणीवर होता. माल अर्धा तपासून उठायचं नाही, हे तिथेही होतंच. म्हणजे देवाने आणि कंपनीने मिळून या माणसाची मांडी पक्की केली होती.

आणि अशा माणसाच्या घरात, चिंचवडच्या त्या दोन खोल्या-स्वयंपाकघराच्या फ्लॅटमध्ये, त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांची सून व्याख्यानातून उठली. एकोणिसाव्या मिनिटाला. कुकरची तिसरी शिट्टी झाली म्हणून.

विजयश्री तळेगावच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायची, पण हंगामी. शाळेने सांगून ठेवलं होतं, इंग्रजी भाषा, साहित्य आणि भाषाशास्त्राचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम आहे, त्याचं प्रमाणपत्र जानेवारीअखेर आणा, नाहीतर जूनपासून तुमच्या जागी दुसऱ्या बाई. छत्तीस व्याख्यानं. त्यातली निदान सत्तावीस पाहायची, मग परीक्षेला बसता येतं. पहाटे पाचला उठून चार डबे, साडेसहाची लोकल, दुपारी वह्या, संध्याकाळी मुलीचा अभ्यास, नवऱ्याची सेकंड शिफ्ट, सासूचे गुडघे, या सगळ्यातून पाच आठवड्यांत तिची व्याख्यानं झाली होती दीड.

"दीड?" अर्जुनराव म्हणाले. त्यांना कमी झाल्याचं दुःख नव्हतं. त्यांना त्या अर्ध्याचं दुःख होतं.

"मामा, पुन्हा पाहीन ना सुरुवातीपासून," विजयश्री म्हणाली. सासऱ्यांना ती मामाच म्हणायची. "ते काय पळून जातंय?"

"व्याख्यान नाही पळून जात गं. ऐकणारा जातो."

कौशल्याबाई गुडघ्याला तेल चोळत होत्या. त्या म्हणाल्या, "ऐकणारा कुठं जायलाय? भाजी चिरायला जायलाय. तुमी जाता का?"

या प्रश्नाला तेव्हा कुणी उत्तर दिलं नाही. ते तेव्हाच दिलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.

अर्जुनरावांनी मनावर घेतलं. निवृत्त माणसाने मनावर घेणं ही घरच्यांसाठी फार काळजीची गोष्ट असते. त्यांनी आधी साधनं गोळा करायचं ठरवलं. सुनेला अभ्यास जमत नाही म्हणजे साधनं कमी पडत असणार, हे त्यांचं कारखान्यातलं निदान होतं. खाली पारावर ज्ञानदेव भेटले. ज्ञानदेव म्हणजे ज्यांच्या शेतावर ही सोसायटी उभी राहिली ते गृहस्थ. सोसायटीत त्यांचे चार फ्लॅट होते आणि सल्ले देण्याचा हक्क सातबाऱ्यावरून आपोआप आलेला होता.

"इंग्लिश व्हय?" ज्ञानदेव म्हणाले. "आवो, त्याला काय क्लास लागत न्हाई. माझा पुतण्या नुसते क्रिकेटचे सामने बघून शिकला. आता दुबईला हाय."

"इंग्रजी शिकवतो का?"

"न्हाई. क्रेन चालवतो. पण बोलतो इंग्लिशमधीच."

दुसऱ्या मजल्यावरच्या रुक्मिणीबाईंनी सांगितलं, की अभ्यासाला बसताना तोंड पूर्वेला हवं आणि आदल्या रात्री भिजवलेले सात बदाम. इंटरनेटचा डबा मात्र पश्चिमेला होता. तो हलवण्यात एक दिवस गेला आणि हलवल्यावर इंटरनेट गेलं, ते परत आणण्यात तीन.

पण अर्जुनराव हटले नाहीत. त्यांनी नातीला, सहा वर्षांच्या दिव्याला, मांडीवर घेऊन टॅबवर शोध घेतला आणि ते थक्क झाले. इंग्रजीच्या अभ्यासाचं केवढं भांडार तिथे उघड्यावर पडलं होतं! शब्द दाबला की उच्चार करून दाखवणारे कोश. दोनशे वर्षांपूर्वीच्या कादंबऱ्या, फुकट, पानंच्या पानं. एक जागा अशी, की तिथे माणसांनी खरोखर बोललेली-लिहिलेली कोट्यवधी वाक्यं साठवली होती. एखादा शब्द द्यावा आणि तो जगात कुठे कुठे कसा वापरला गेला ते रांगेने पाहावं. एक नकाशा होता, त्यावर गावावर बोट ठेवलं की त्या गावची इंग्रजी ऐकू येई. एका गावचा म्हातारा अगदी अंबाजोगाईच्या पाटलासारखा खाकरून बोलत होता. अर्जुनरावांना भरून आलं. एवढं कुणी कुणासाठी करून ठेवतं का? हे अन्नछत्रच झालं की!

मग त्यांनी ते सगळं लिहून काढलं. तपासणी खात्यातली एक कोरी वही त्यांच्याकडे होती. तिच्यात त्यांनी इंटरनेटवरचे सत्तेचाळीस पत्ते हाताने उतरवले, प्रत्येक पत्ता त्याच्या सगळ्या तिरक्या रेघा, टिंबं, आकडे आणि टक्क्याच्या चिन्हांसकट. एकेक पत्ता अडीच ओळींचा. रोज चष्मा दोनदा पुसून, आठ दिवस. शेवटी 'तपासले' असा शेरा आणि सही.

विजयश्रीने वही उघडली. पानं उलटली. तिसऱ्या पानावर ती जरा थांबली.

"छान आहे, मामा," ती म्हणाली.

लग्नात मिळालेल्या सहाव्या भिंतघड्याळालाही माणूस असंच छान म्हणतो.

आता पुढची कल्पना कुणाची, यावर घरात अजून एकमत नाही. अर्जुनराव म्हणतात, ती देवाने सुचवली. कौशल्याबाईंचं म्हणणं देवावर असा आळ घेऊ नये. कल्पना अशी: सुनेला दिवसा वेळ नाही, पण संध्याकाळी पोळ्या लाटताना तिचे कान मोकळे असतात. इंग्रजी व्याख्यान आणि कुकर एकत्र चालत नाहीत. पण मराठीतून, रसाळ करून, कुणी सांगितलं तर? मूळ ग्रंथ आपण दिवसा ऐकावा आणि संध्याकाळी तिला निरूपण करावं. पन्नास वर्षं कीर्तनं ऐकून आपल्याला एवढं जमू नये? व्याख्यान इंग्रजीतलं असलं तरी पडद्याच्या खालच्या कडेला मराठी भाषांतर उमटतंच.

विजयश्रीने का कू करत पासवर्ड दिला.

अर्जुनरावांनी सकाळी आंघोळ केली, धूतवस्त्र नेसलं, चौरंगावर टॅब ठेवला. महाराजांना बसायच्या आधी बुक्का लावतात, म्हणून टॅबलाही वरच्या बाजूला मधोमध लावला. बरोबर मधोमध. तिथे कॅमेरा होता. त्या पोर्टलला मधूनमधून विद्यार्थ्याचा फोटो काढून खात्री करायची सवय होती, हे त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं.

सकाळी नऊला पहिलं व्याख्यान सुरू झालं. साडेनऊला संपलं. अर्जुनराव आरतीची वाट पाहू लागले, तेवढ्यात पाच, चार, तीन, दोन, एक असे आकडे आले आणि दुसरं सुरू झालं.

आता सांगा, या माणसाने काय करायचं? उठायचं म्हटलं तर बोलणारा समोर बोलतोय. तो गृहस्थ तर एवढ्या कळकळीने सांगत होता, की जीभ टाळूला कुठे लागली म्हणजे कोणता ध्वनी होतो. अर्जुनराव बसले. तिसरं लागलं. बसले. चौथं. दुपारी कौशल्याबाईंनी ताट आणून शेजारी ठेवलं.

"जेवा की!"

अर्जुनरावांनी हात वर करून खुणेने सांगितलं, चालू आहे.

"संपल्यावर जेवा मग."

अर्जुनरावांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे भाव होते, ते संपणार कधी हे ज्याला माहीत नाही त्याचे होते. रुक्मिणीबाई डोकावून गेल्या. "ध्यानाला बसलेत का?" "न्हाई," कौशल्याबाई म्हणाल्या, "अडकलेत." देहधर्मापुरतं उठायची मुभा कीर्तनातही असते, ती त्यांनी दोनदा घेतली, पण तेव्हाही आवाज मोठा ठेवून. संध्याकाळी साडेसातला विजयश्री पालकसभा आटपून घरी आली, सासऱ्यांचे लाल डोळे तिने पाहिले, आणि पडद्यावर बोट दाबून व्याख्यान बंद केलं. बाविसाव्याचे आकडे नुकतेच मोजून होत होते.

साडेदहा तास. एकवीस व्याख्यानं. अर्जुनराव उठले तेव्हा त्यांचे पाय त्यांचे नव्हते.

"मामा, या सगळ्यांपुढे हिरवी खूण आलीय. माझ्या नावावर," विजयश्री हळू आवाजात म्हणाली. "हे बरोबर आहे का?"

नेमकी तेव्हाच कुकरची शिट्टी झाली. विजयश्री आत गेली आणि तो प्रश्न बाहेरच्या खोलीत तसाच बसून राहिला.

दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघरात निरूपण सुरू झालं. आणि खरं सांगायचं तर, ते रंगलं. ओट्याला टेकून, पंचा खांद्यावर टाकून अर्जुनराव सांगत, की इंग्रजी आणि आपली संस्कृत या लांबच्या बहिणी आहेत. हजारो वर्षांपूर्वी एका घरातून निघाल्या, एक पश्चिमेला गेली, एक इकडे आली, आणि ताटातूट झाल्यावरही दोघींनी आईकडचे दागिने जपले. त्यांचा 'मदर' तो आपला 'मातृ'. त्यांची 'डॉटर' ती आपली 'दुहिता'. विजयश्रीचं लाटणं थांबे. तिसऱ्या दिवशी रुक्मिणीबाई दारात उभ्या राहून ऐकू लागल्या. पाचव्या दिवशी त्या जावेला घेऊन आल्या. आठव्या दिवशी ज्ञानदेव टाळ घेऊन आले.

"टाळ कशाला?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"असू द्या, वैनी. मोकळ्या हातानं ऐकायची सवय न्हाई."

पंधराव्या दिवशी चौदा माणसं होती. स्वयंपाकघरात सहा, दारात तीन, उरलेली बाहेरच्या खोलीत. जीभ, टाळू आणि दात यांच्या प्रसंगाला तर सगळ्यांनी एकसाथ 'थ, थ, थ' म्हटलं आणि खालच्या मजल्यावरून विचारणा झाली, की कुणाला उलट्या होतायत का. आलेल्या माणसाला चहा न देता पाठवायची अंबाजोगाईत रीत नाही. चहा विजयश्री करायची. एका बाजूला पोळ्या, एका बाजूला आधण, आणि मधल्या वाटेत भाषाशास्त्र.

एका गोष्टीने मात्र अर्जुनराव आतून हलले होते. नवव्या व्याख्यानात एका परदेशी पंडिताचं मत आलं होतं, की वस्तू आणि तिचं नाव यांत कसलंही अंगभूत नातं नसतं. झाडाला झाड म्हणायला झाडात काही कारण नाही. लोकांनी ठरवलं, एवढंच. हे त्यांनी निरूपणात सांगितलं नाही. ते व्याख्यान त्यांनी गाळलं. माळ ओढताना हात मध्येच थांबायचा. पन्नास वर्षं आपण जे नाव घेतोय, त्यात आणि त्याच्यात काही नातंच नाही? हे विचारायचं कुणाला? महाराजांना विचारावं तर महाराजांना भाषाशास्त्र येत नव्हतं, आणि त्या पंडिताला विचारावं तर तो केव्हाच वारलेला.

एक डिसेंबरला ईमेल आला. विजयश्रीचं खातं गोठवण्यात आलं होतं. कारण: संशयास्पद वर्तन.

जयदीप, म्हणजे विजयश्रीचा नवरा, शिफ्टला निघता निघता म्हणाला, "तक्रार टाक ना पोर्टलवर." तक्रार टाकायला लॉगिन लागत होतं. लॉगिन गोठलेलं होतं. मदत क्रमांकावर एक बाई इंग्रजीतून म्हणाल्या, की तुमचा फोन आम्हाला महत्त्वाचा आहे, आणि मग पाऊण तास सनई वाजली. शेवटी कळलं, की आकुर्डीच्या एका महाविद्यालयात परीक्षा केंद्र आहे, तिथे समन्वयक मॅडमना भेटा. तिथल्या कारकुनाने सांगितलं, अर्ज हवा. अर्ज दिला. अर्जाला विद्यार्थ्याचा चालू खाते क्रमांक हवा. चालू असता तर आलो असतो का, असं अर्जुनरावांनी विचारलं, तेव्हा कारकून म्हणाला, "काका, इंग्रजीत लिहून द्या."

आदल्या संध्याकाळी सल्ले पडलेच होते. ज्ञानदेव म्हणाले, "सरळ सांगा, सूनबाईनंच बघितलं. कोण बघायला येतंय?" जयदीपचंही तेच मत पडलं. विजयश्रीची पोळी फक्त जरा जोरात लाटली गेली.

समन्वयक स्वरूपा मॅडमच्या टेबलावर चहाचा गार झालेला कप होता आणि पडद्यावर एकवीस काळे चौकोन.

"एकाच दिवशी सलग साडेदहा तास," मॅडम म्हणाल्या. "एकदाही थांबवलं नाही, एकदाही पुढे ढकललं नाही. प्रत्येक फोटो काळा. माणूस असं बघत नाही हो! मी स्वतः शिकवते, माझं मला इतकं ऐकवत नाही. हे सॉफ्टवेअर लावून केलेलं काम आहे."

अर्जुनरावांना आयुष्यात लोक खूप काही म्हणाले होते. सॉफ्टवेअर कुणी म्हणालं नव्हतं.

विजयश्रीने तोंड उघडलं. काय बोलणार होती ते तिलाच माहीत. त्याआधी अर्जुनराव उभे राहिले.

"मॅडम, ते सॉफ्टवेअर मी."

मग त्यांनी सगळं सांगितलं. कुकर, वही, चौरंग, बुक्का. कीर्तनातून उठू नये, हेही. मॅडमनी चष्मा काढला. "पूर्ण ऐकलंत? एकवीसच्या एकवीस? बरं, नवव्यात काय होतं?"

नेमकं नववंच! अर्जुनरावांनी खुर्चीचा हात धरला.

"त्यात होतं, की नावात आणि वस्तूत नातं नसतं. मॅडम, मी माळकरी माणूस आहे. हे ऐकल्यापासून माझा घास घशात अडकतोय. हे मी घरी कुणाला सांगितलं नाही."

अर्ज घेऊन आत आलेला कारकूनही दारात थांबला.

"मग? काय ठरवलंत?" मॅडमनी विचारलं. आता त्या तपासत नव्हत्या.

"ठरलं नाही अजून. एवढंच वाटतं, की कारण असतं तर नाव कुणीही घेतलं असतं. पाणी उताराकडे जातं तसं. काही कारण नसताना माणसं पिढ्यान्‌पिढ्या तेच नाव तोंडात धरून ठेवतात, पोराला देतात, नातवाला देतात... त्या धरून ठेवण्यातच काहीतरी असेल, मॅडम."

स्वरूपा मॅडमनी गार चहाचा घोट घेतला. मग म्हणाल्या, "काका, पेपर तुम्ही दिला असता तर मी डोळे मिटून पास केलं असतं. पण नाव यांचं आहे. ही हजेरी रद्द होणार. खातं मी आज उघडून देते; पण चौदा तारखेपर्यंत सत्तावीस व्याख्यानं यांनी स्वतः पाहायची. तेरा दिवस. जमेल?" आणि विजयश्रीकडे वळून, "इतके आठवडे का नाही पाहिलीत हो? घरात एवढा आस्थेचा माणूस असताना?"

विजयश्रीने सासऱ्यांकडे पाहिलं नाही. "वेळ नव्हता, मॅडम," ती म्हणाली. "संध्याकाळी कधीमधी अर्धा तास मिळायचा. पण मग घरी माणसं यायला लागली."

ती तक्रार नव्हती. मॅडमनी विचारलं म्हणून दिलेली ती माहिती होती. म्हणून ती जास्त लागली.

आकुर्डी स्टेशनच्या बाकावर दोघं लोकलची वाट पाहत बसले. अर्जुनराव म्हणाले, "किती कप व्हायचे गं?"

"काय?"

"चहाचे. रोज."

"जाऊ द्या ना, मामा."

"नाही, सांग. चौदा?"

"दोनदा कधीकधी. ज्ञानदेवकाका दुसरा मागायचे."

एकतीस वर्षं माल तपासलेल्या माणसाने मनातल्या मनात त्या सगळ्या संध्याकाळींचा हिशोब केला. आपण पोरीला ज्ञान पाजत होतो आणि पोर सोसायटीला चहा पाजत होती. माल बाहेरून चकचकीत होता. आत तडा होता, आणि तपासनीस स्वतः ओट्याला टेकून बोलत होता.

त्या संध्याकाळी ज्ञानदेव टाळ घेऊन आले, तर दारात अर्जुनराव परात मांडीवर घेऊन बसलेले.

"आज काय प्रसंग हाय?"

"आज कणीक मळायची आहे."

"आन कीर्तन?"

"आत चालू आहे. ऐकणारी एकटीच आहे. मधे उठवायचं नाही."

"मंग चहा?"

"चहा तुमच्या घरी. मीही येतो, सात वाजता, चार पोळ्या झाल्या की."

पोळ्यांबद्दल थोडक्यात सांगितलेलं बरं. पहिल्या दिवशीच्या पोळ्या दिव्याने मोजून नकाशावर दाखवल्या. एक हुबेहूब राजस्थान होती. दुसऱ्या दिवशी अर्जुनरावांनी कपाटातून जुनी मोजपट्टी काढली आणि पोळीचा व्यास दोन्ही बाजूंनी घ्यायला सुरुवात केली. "पोळी खायची असती, पास करायची नसती," असं कौशल्याबाई म्हणाल्या. पण गुडघे धरून त्याही ओट्याशी आल्या आणि भाजी त्यांनी घेतली. जयदीपने डबे घासायला सुरुवात केली, फारसं कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने. रुक्मिणीबाई भिजवलेले बदाम घेऊन आल्या, ते दारातच ठेवून घेतले. आतल्या खोलीचं दार लोटलेलं असे. आतून त्या कळकळीच्या गृहस्थाचा आवाज येई. अर्जुनराव लाटणं हळू फिरवत. बाविसावं लागलं, तेव्हा ते परात घेऊन स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. ते आपलं नव्हतं, तिच्या नावाचं होतं. ऐकायचं नव्हतं.

तेरा तारखेला सत्ताविसावी हिरवी खूण उमटली. त्यावर समाधान न मानता परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत उरलेली नऊही तिने पाहिली. "अर्धवट कशाला ठेवायचं?" एवढंच म्हणाली. अर्जुनरावांनी तोंड वळवून डोळ्यांत पीठ गेल्याचं सांगितलं. परीक्षा झाली. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात निकाल आला: शंभरपैकी एकाहत्तर. शाळेने प्रमाणपत्राची प्रत ठेवून घेतली आणि जूनपासूनच्या कागदावर हंगामी हा शब्द आला नाही.

घरात पेढे वाटले गेले. ज्ञानदेवांनी दोन घेतले आणि पुतण्याचा दाखला पुन्हा दिला.

पण अर्जुनरावांचा पेढा वाटीत तसाच राहिला. संध्याकाळी पोळ्या लाटताना (ते काम आता त्यांच्याकडेच राहिलं होतं) विजयश्रीने विचारलं, "मामा, काय झालं? आनंद नाही झाला?"

"झाला की. पण बाळ, मी एकविसाव्यावरून उठलोय." त्यांचा आवाज अपराध्यासारखा होता. "जन्मात पहिल्यांदा. पंधरा राहिलीत. आणि तो वर्ग आता बंद झाला म्हणे. दार लागलं."

विजयश्री ओट्याला टेकली. नेमकी तिथेच, जिथे ते टेकायचे. खांद्यावर ओढणी होती, ती तिने जरा सारखी केली.

"बाविसाव्यापासून सांगू का?"

लाटणं थांबलं.

"तुम्ही सांगितलं होतं ना, डॉटर म्हणजे दुहिता? त्याच्या पुढचं आहे. इंग्रजीत फार पूर्वी सुनेलाही शब्द होता, मामा. स्वतःचा, घरचा. 'स्नोरू' की असा काहीतरी. आणि संस्कृतात 'स्नुषा'. एकाच घरातले दोघं. पुढे इंग्रजीने तो हरवला. आता त्यांना कायद्याने झालेली मुलगी असं लांबलचक म्हणावं लागतं. आपल्याकडे तो राहिला. झिजला, लहान झाला, पण राहिला. सून."

कौशल्याबाईंची सुरी पाटावर थांबली. दिव्या वहीतून वर पाहू लागली.

"कुणीतरी धरून ठेवला म्हणून," विजयश्री म्हणाली.

अर्जुनरावांनी पिठाचे हात पंच्याला पुसले. देवघरातून बुक्क्याची डबी आणली, चिमूट घेऊन सुनेच्या कपाळाला लावली, आणि तिला काही कळायच्या आत ते खाली वाकले.

"मामा! अहो, काय करताय!" विजयश्री एकदम मागे सरली. तिची पाठ फ्रीजला लागली. "पाप लागेल मला!"

"हलू नको गं. सुनेच्या नाही पडत पाया. निरूपण करणारा ज्या जागी उभा राहतो, त्या जागेच्या पडतोय. तिथे वय, नातं काही बघायचं नसतं. उद्या तेविसावं सांग."

ते वाकलेलेच होते. उठायला गुडघ्यांनी थोडा वेळ मागितला.

"पाया पडून झालं असंल," कौशल्याबाई म्हणाल्या, आणि पदराने डोळ्याची कड पुसली, "तर तव्यावरची उलटा आता."

अर्जुनरावांनी उठून पोळी उलटली. एका बाजूने ती पार काळी झाली होती. एकतीस वर्षांच्या त्या तपासनिसाने ती दोन्ही बाजूंनी पाहिली, स्वतःच्या ताटात ठेवली, आणि पुढची लाटायला घेतली.